हरून संघ उभा राहतो काय?

करकंबसारख्या गांवांत आधींच ठरवून सोडलेल्या कुस्तीस ‘नुरा’ म्हणून हिणवतात. अमेरिकेच्या बास्केटबॉलांत मात्र पराभवासहि फळ आहे. तळाशीं राहिलेल्या संघास नवोदित खेळाडू निवडतांना अग्रक्रमाची संधि अधिक मिळते. दुबळ्यास आधार म्हणून योजिलेल्या या नियमाचा कांहीं चतुर चालकांनीं निराळाच अर्थ लावला. फिलाडेल्फियाच्या संघानें २०१३ पासून कसलेले गडी सोडून दिले. २०१५-१६ च्या हंगामांत ८२ पैकीं अवघे १० सामने जिंकले! जोएल एम्बीडसारखा मोहरा त्यांतून लाभला खरा. पण २०२५ पर्यंत त्या संघास शेवटच्या चौघांतहि स्थान मिळालें नाहीं. २०१९ सालीं तर तळच्या तिन्ही संघांस पहिल्या निवडीची समान, शेंकडा १४ संधि देऊन या व्यापाराचा नफाच कमी करण्यांत आला.

आपल्या प्रो कबड्डींत लिलाव असतो आणि खर्चाची मर्यादा सर्वांस सारखी. पुणेरी पलटण २०१४ व २०१५ या दोन्ही वर्षीं तळाशीं होती. त्या हारींचें मोल तिला कोणी दिलें नाहीं. पुढें अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत हे तरुण तिनें वर्षानुवर्षें एकत्र खेळविले. २०२२ ची अंतिम लढत जयपूरपुढें गेली. मग इराणच्या शादलूवर २ कोटि ३५ लाख रुपये खर्चून, १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस तिनें हरियाणाला २८-२५ असें नमविलें. कर्णधार अस्लम हा अहिल्यानगर जिल्ह्यांतील टाकळीभानचा.