तक्रार शरीराची, दुखणे मनाचे



मुरुमच्या दवाखान्यात येणारा रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा सांगत नाही. ‘झोप लागत नाही, अंग दुखते, छातीत धडधडते’ एवढेच तो सांगतो. अशा वेळी रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार नाही ना, हे प्रथम तपासावे. नंतर भूक, कामातील गोडी, व्यसन व कर्ज यांविषयी आस्थेने विचारपूस करावी. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही.

१९९३ च्या भूकंपाचा शोक या परिसराने सोसला आहे. शोक हा रोग नव्हे. परंतु महिनोन्महिने तो दैनंदिन व्यवहार रोखू लागला, तर उपचार आवश्यक ठरतात. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असतो. तो घरोघरी ठाऊक असावा.