सोबत्यांचा दाखला



"अमक्याने केले म्हणून मीही केले," हे समर्थन लेकरांच्या तोंडून ऐकताच आपण रागावतो. परंतु वडीलधारी माणसेही बहुधा याच वाटेने चालतात. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात ही गोष्ट निर्भीडपणे सांगितली आहे.

आफ्रिकेतील थागास्ते गावी, सोळा वर्षांचे असताना, त्यांनी सोबत्यांसह रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरची फळे याहून सरस होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. एकटा असतो तर हे केले नसते, असे ते लिहितात. टोळीत निर्लज्ज नसण्याचीच लाज वाटते!

यावरून संगत तोडा, असा उपदेश तरुणांना करण्यात येतो. मला तो अपुरा वाटतो. कारण ज्या अनुकरणवृत्तीने हा मुलगा बिघडला, तिच्याच द्वारे तो सावरला.

इ. स. ३८६ मध्ये ते मिलान नगरीत वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक होते. रोममधील व्हिक्टोरिनस या विख्यात वृद्ध अध्यापकाने खाजगीत श्रद्धा प्रकट करण्याची सवलत नाकारून भर मंडळीसमोर ती प्रकट केल्याचा वृत्तांत त्यांच्या कानी आला. व्यवसाय एकच, कीर्तीचा मोहही एकच. म्हणून दाखला अंतःकरणास झोंबला. तथापि पाऊल पुढे पडेना.

पुढे एके दिवशी पोंटिशियानस नावाचे दरबारी गृहस्थ काही कामानिमित्त घरी आले. बोलता बोलता त्यांनी ट्रियर नगरातील हकीकत सांगितली. चौघे मित्र फिरावयास गेले असता दोघांनी एका झोपडीत संत अंतोनी यांचे चरित्र वाचले आणि तेथल्या तेथे राजसेवा सोडली. उरलेले दोघे रडले, मित्रांचा निरोप घेऊन राजवाड्यात परतले. त्या परतलेल्यांपैकी एक स्वतः पोंटिशियानसच होते.

त्याच दिवशी बागेत, संत पौलाचे पत्र उघडून वाचताच, ऑगस्टीन यांचा निश्चय झाला. जवळच असलेल्या अलिपियसने तेच पत्र हाती घेतले. परंतु मित्राचे वाक्य न उचलता त्यापुढील वाक्य त्याने स्वतःस लागू केले. ३८७ साली पुनरुत्थान सणाच्या पूर्वरात्री दोघांचाही बाप्तिस्मा झाला.

मोनिका मातेच्या अश्रूंवर आपण प्रवचने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पोंटिशियानसचे नाव मात्र कोणी काढीत नाही. आपल्या शब्दांनी काय घडविले, याची त्यांना त्या वेळी कल्पना नसावी. आलेले काम उरकून ते निघून गेले. ते काम कोणते होते, हे ऑगस्टीन यांनीही लिहिलेले नाही.