भिंतीवर नाव कोणाचे?



मी बँकेत काम करणारा माणूस. आमच्याकडे वहीत नोंद नसेल, तर पैसे भरलेल्या माणसालाही आपले म्हणणे पटवून देणे जड जाते. समाजाच्या इतिहासाचेही तसेच आहे. शहराच्या भिंती ही एक उघडी वहीच असते. तिच्यात कोणाची नावे आहेत, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराचे उदाहरण घ्या. तेथे पुराच्या पाण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या कालव्याच्या भिंतीवर ज्युडी बाका या चित्रकर्तीने १९७६ साली चित्रकाम सुरू केले. स्वतः मेक्सिकन वंशाच्या असलेल्या बाकाबाईंनी कॅलिफोर्नियाचा इतिहास गोऱ्या वसाहतवाल्यांपासून सुरू केला नाही. प्रारंभी प्राचीन काळचे प्राणी आहेत, आणि माणसांत पहिला मान तेथील मूळ रहिवासी चुमाश लोकांचा. स्पॅनिश लोक त्यानंतर येतात.

परंतु मूळ रहिवाशांना पहिल्या चित्रात बसवून पुढे विसरणे, हाही एक अन्यायच. जणू ते लोक संपले! चुमाश आजही कॅलिफोर्नियात आहेत. म्हणून १९५० च्या दशकाच्या चित्रांत मूळ रहिवाशांवर लादलेल्या सक्तीच्या सामीलीकरणाचा विषय पुन्हा येतो. सामीलीकरण म्हणजे त्यांची भाषा, चालीरीती सोडायला लावून त्यांना गोऱ्यांच्या साच्यात बसविणे. गौरव करायचा तर दुःखही लिहावे लागते.

आता विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट. पहिल्या उन्हाळ्यात ८० मुलामुलींनी सुमारे १,००० फूट भिंत रंगविली. त्यांतील पुष्कळ मुले पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेली होती. त्यांच्यासोबत चित्रकार होते, तसेच इतिहासाचे जाणकारही होते. आधी माहिती, मग रेखाटन, मग रंग, असा क्रम होता. १९८३ पर्यंतच्या पाच उन्हाळ्यांत ४०० हून अधिक मुलांचे हात लागले आणि भिंत २,७५४ फुटांवर गेली. २०१७ साली तिची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. ज्यांना शहराने वाया गेलेले मानले, त्यांनीच शहराचा इतिहास लिहिला.

मित्रहो, आपल्या वस्तीतही कोऱ्या भिंती आहेत. रंगाचा डबा नंतर आणा. आधी वही घेऊन वडीलधाऱ्यांकडे बसा. ही वस्ती कोणी वसविली, पाण्यासाठी कोण भांडले, पहिली शाळा कोणी काढली, ते विचारा. सन, तारखा पडताळून पाहा. आपली नोंद आपण केली नाही, तर दुसरे ती आपल्या सोयीने करतील, किंवा करणारच नाहीत.