गाडी अडखळते कुठे?



घरच्या संगणकावर आगगाडी चालवायचे खेळ खेळणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते : गाडी मधेच अडखळते. महागडं ग्राफिक्स कार्ड बसवलं तरी अडखळते. याचा सगळा दोष खेळाच्या माथी मारला जातो आणि ऑपरेटिंग सिस्टीम मात्र नामानिराळी राहते. म्हणून आज या अडखळण्याबद्दलच बोलतो.

मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' घ्या. २००१ साली आलेला हा खेळ इंग्लंडच्या कुजू कंपनीने तयार केला होता. त्यात सहा मार्ग होते. इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल, अमेरिकेतला मरायस पास, ऑस्ट्रियातल्या डोंगरांमधला एक, जपानमधले दोन, असे. या खेळात सगळी जमीन चौकोनांत कापलेली असते. प्रत्येक चौकोन २०४८ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. गाडी जसजशी पुढे जाते तसतसा पुढचा चौकोन डिस्कवरून उचलायचा आणि मागचा सोडून द्यायचा, असं अखंड चालू असतं. ताशी १०० किलोमीटर वेगाने सरळ मार्गावर साधारण ७४ सेकंदांनी नवा चौकोन लागतो, १६० च्या वेगाने ४६ सेकंदांनी. झाडं, सिग्नल, घरं यांच्या आकृत्या वेगळ्या फायलींत, आणि त्यांच्यावर चढवलेली चित्रं आणखी वेगळ्या फायलींत. एका मार्गाच्या पोटात अशा हजारो छोट्या फायली असतात. म्हणून तर ठरावीक अंतराने धक्का बसतो. खेळणाऱ्याला वाटतं ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. प्रत्यक्षात त्या क्षणी सगळे डिस्कची वाट बघत थांबलेले असतात.

पडद्यावर सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे फ्रेम, येत असतील, तर एका चित्राच्या वाट्याला ३३ मिलिसेकंद येतात. ताशी १६० च्या वेगात गाडी तेवढ्या वेळात दीड मीटर जाते. पडदा अर्धा सेकंद थिजला, तर २२ मीटर गाडी आपल्याला न दिसता निघून गेली! म्हणून सेकंदाला सरासरी ६० फ्रेम मिळतात असं कुणी सांगितलं, तर मला त्याचं फारसं कौतुक वाटत नाही. सर्वांत रेंगाळलेल्या फ्रेमला किती वेळ लागला, हा माझा प्रश्न असतो. साठवरून पंधरावर कोसळणाऱ्या संगणकापेक्षा एकसारख्या तीस फ्रेम देणारा संगणक आगगाडीसाठी केव्हाही चांगला.

त्यात अडखळणं होतं ते नेमकं नको तिथे. मोठं स्टेशन जवळ येतं, रुळांचं जाळं पसरतं, फलाट, छपरं, उभ्या गाड्या सगळं एकदम दिसू लागतं. पडद्यावरचा भार सर्वाधिक असतो तो इथे, आणि ब्रेकवरचा हात सर्वांत हलका हवा तोही इथेच.

गणिताचा भार वेगळाच. कर्जतहून लोणावळ्याकडे भोर घाट चढताना ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे. तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं जोर लावतात. असा घाट संगणकावर खरा वाटायचा, तर प्रत्येक डब्याचं वजन, दोन डब्यांमधल्या कपलिंगवरचा ताण, चाकांचं घसरणं, ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ, हे सगळं सतत मोजत राहावं लागतं. हे काम बहुतांशी प्रोसेसरचं आहे.

आता ऑपरेटिंग सिस्टीम इथे काय करते? मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. ओट्यावर जागा उरली नाही की ऑपरेटिंग सिस्टीम डबे माळ्यावर, म्हणजे डिस्कवर, टाकते, आणि लागले की पुन्हा काढायला जाते. चालत्या खेळात तो वेळ परवडत नाही. शिवाय अँटिव्हायरस उघडली जाणारी प्रत्येक फाइल तपासत असतो. हजारो छोट्या फायली मागणाऱ्या खेळाला याचा फटका एकाच मोठ्या फायलीत सगळं भरलेल्या खेळापेक्षा जास्त बसतो.

विंडोज एक्सपीला २००१ मध्ये कमीत कमी ६४ एमबी मेमरी लागे. २००७ मध्ये व्हिस्टा आली, तिला ५१२. आठपट! ज्यांच्या घरच्या संगणकात जेमतेम तेवढीच मेमरी होती, त्यांच्या खेळासाठी उरणार काय? व्हिस्टाने आणखी एक केलं. 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरात लिहायला साध्या प्रोग्रामना मज्जाव केला, आणि जुन्या प्रोग्रामनी तिथे लिहिलेलं ती परस्पर दुसऱ्या जागी ठेवू लागली. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. पण जुन्या खेळात केलेला बदल एका प्रोग्रामला दिसे आणि दुसऱ्याला दिसत नसे. जाणकार मंडळी तेव्हापासून असे खेळ सरळ वेगळ्या फोल्डरात बसवतात, आणि तो सल्ला आजही लागू आहे.

मायक्रोसॉफ्टने या खेळाची पुढची आवृत्ती दोनदा हाती घेतली आणि दोन्ही वेळा सोडून दिली. दुसऱ्यांदा सोडली ती २००९ च्या जानेवारीत. तोवर जगभरच्या हौशी लोकांनी स्वतःच्या वेळात मूळ खेळासाठी मार्ग आणि इंजिनं तयार केली होती. आपल्याकडच्या तरुणांनी भारतीय रेल्वेची डब्ल्यूडीएम आणि डब्ल्यूएपी मालिकांतली इंजिनं, त्यांच्या आवाजासकट, हौसेने घडवली. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली म्हणून हे काम वाया जावं, हे मला मान्य नाही. ते वाया गेलं नाही याचं श्रेय 'ओपन रेल्स'ला आहे. हौशी प्रोग्रामरनी लिहिलेला, फुकट मिळणारा हा प्रोग्राम त्या जुन्या फायली वाचतो आणि आजच्या संगणकावर चालवतो. त्यांनी कामाची वाटणी केली : फायली आणणारा वेगळा, चित्र काढणारा वेगळा, गाडीचं गणित करणारा वेगळा, आवाजाचा वेगळा. त्यामुळे प्रोसेसरच्या अनेक कोअरचा उपयोग होतो आणि पुढचा चौकोन येताना सगळी गाडी थांबून राहत नाही.

ओपन रेल्समध्ये एफ ५ हे बटण दाबून मग शिफ्ट धरून तेच दाबत गेलं की एका पानावर या चौघांपैकी कोण किती टक्के गुंतलाय, ते चालत्या गाडीतच दिसतं. नव्या वस्तूवर पैसे घालण्याआधी तेवढं बघा. एकच मार्ग, एकच गाडी, आणि तीही गजबजलेल्या स्टेशनात शिरताना. फायली आणणारा शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी घाला. गणित करणारा टेकला असेल, तर गाडीचे डबे कमी करून पाहा. आणि चित्र काढणारा टेकला असेल, तर दृश्याचं अंतर थोडं कमी करा, त्याला पैसा लागत नाही.