समुद्रसफरीला निघताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या खानदेशात पाणी म्हटलं की तापी, गिरणा, पांझरा. फार झालं तर हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर दिसणारं पाणी. त्याला दोन्ही बाजूंनी काठ असतो. त्यामुळे जळगाव-धुळ्याचा माणूस 'जहाजातून फिरून आलो' असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'भीती नाही वाटली?' दुसरा, 'खर्च किती आला?' आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, 'शाकाहारी मिळतं ना?' मी आजवर तीन वेळा अशा सफरीला गेलो. तिन्ही वेळा काही ना काही चुकलो. त्या चुकांचा उपयोग तुम्हाला व्हावा, म्हणून हे बोलणं.

भीतीचं म्हणाल तर ती उगीच नाही. आमच्या वडिलांच्या पिढीनं 'रामदास' बोटीची बातमी ऐकलेली होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐन पावसाळ्यातली गोष्ट. आजच्या सहलीच्या जहाजांचा प्रकार वेगळा आहे. मुंबईहून २००५ पासून काही वर्षं 'सुपरस्टार लिब्रा' जात असे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' आली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली आणि २०२० मध्ये तिची कंपनीच बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागलं. हे १९९० साली बांधलेलं, अकरा मजल्यांचं, दोनशे मीटरहून लांब जहाज आहे. आपल्या डोक्यात बोट म्हणजे होडीची मोठी बहीण असते. समोर उभं राहिल्यावर कळतं, की हे म्हणजे चालतं-फिरतं गाव आहे. मी कोणत्या जहाजातून गेलो ते सांगत नाही. चुका माझ्या, त्यात जहाजाचं नाव कशाला?

पहिली चूक घरातून निघतानाच झाली. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटर. रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई, असा आपला हिशेब. लग्नाला जायचं असेल तर तो ठीक आहे. गाडीला उशीर झाला तर अक्षता चुकतात, जेवण मिळतं. जहाजाचं तसं नाही. त्याची सुटायची वेळ पाच असेल तर आत घ्यायचं दार त्याच्या बरंच आधी बंद होतं. आमची गाडी कसाऱ्याच्या घाटात दोन तास उभी राहिली. बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा दार बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती आणि बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. तेव्हापासून मी आदल्या दिवशीच मुंबई गाठतो. धुळ्याची मंडळी आग्रा रोडनं ट्रॅव्हल्सनं येतात, त्यांनीही हेच करावं. एका रात्रीच्या लॉजचं भाडं वाचवण्यासाठी सगळ्या सफरीचे पैसे पणाला लावू नयेत. सीएसएमटी स्टेशनवरून बंदर जवळ आहे, टॅक्सीनं थोड्या वेळात पोचता येतं.

आता जी गोष्ट मला मुख्यतः सांगायची आहे ती सांगतो. तिसऱ्या खेपेला धुळ्याची माझी थोरली बहीण आमच्याबरोबर होती. आक्का तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले, मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. चारधाम, अष्टविनायक हे सगळं गुडघ्यांमुळे राहून गेलेलं. मला वाटलं, जिथं रोज सामान बांधायला नको, पायऱ्या नकोत, लिफ्ट आहे, जेवण खालच्या-वरच्या मजल्यावर आहे, अशी सहल तिला झेपेल. हा अंदाज बरोबर निघाला. गुडघेदुखीच्या माणसाला जहाजासारखी सहल नाही. फक्त जहाजातले बोळ फार लांब असतात, म्हणून बुकिंग करतानाच लिफ्टजवळची खोली आणि चाकाची खुर्ची मागून घ्यावी.

बंदरावर सामान देताना प्रत्येक बॅगेला खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावतात आणि बॅग घेऊन जातात. ती तपासली जाऊन खोलीच्या दाराशी येते, कधी दोन तासांनी, कधी रात्री. हे मला माहीत होतं. तरीही आक्काचं इन्सुलिन मी मोठ्या बॅगेत ठेवलं, कपड्यांच्या मधोमध, छोट्या थर्मासात घालून. कारण काय, तर ते हातात धरून सांडायला नको. शिवाय त्याच बॅगेत मी पाणी तापवायची कॉइल घातली होती. आक्काला पहाटे चार वाजता चहा लागतो. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी, म्हणून कॉइल, इस्त्री, शेगडी असलं काहीही चालत नाही. तपासणीत कॉइल दिसली आणि बॅग तिथंच अडकली. अशा वेळी मालकानं जाऊन समक्ष बॅग उघडायची असते. खोलीतल्या फोनवर तसा निरोपही आला होता. आम्ही मात्र वर डेकवर, मुंबईचे दिवे मागे पडताना पाहत उभे. आक्का कठड्याला धरून म्हणाली, "भाऊ, याना काठ कोठे शे?"

साडेसातला इन्सुलिनची वेळ झाली, तेव्हा बॅग नाही. आठ वाजले. आक्का काही बोलेना, पण पदरानं सारखा घाम पुसू लागली. मी खाली काउंटरवर धावलो. तिथल्या मुलीनं शांतपणे बॅग कुठं आहे ते सांगितलं आणि जहाजावरच्या दवाखान्यात फोनही लावला. तिथल्या नर्सनं साखर तपासली, अडीचशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन मिळेपर्यंत जेवायला बसू नका. घरी असतो तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच मिनिटांत आणलं असतं. इथं चारी बाजूंना काळोख आणि पाणी. परत फिरवा म्हणून सांगायची सोय नाही. सव्वानऊला बॅग हाती आली. कॉइल त्यांनी पावती देऊन ठेवून घेतली, उतरताना परत दिली. दवाखान्याचं बिल वेगळं लागलं, ते मी मुकाट्यानं भरलं. त्या रात्री मला झोप आली नाही. आक्का मात्र घोरत होती.

तेव्हा औषधं, चष्मा, डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. औषधं दोन दिवस जास्तीची. इन्सुलिनला थंड पिशवी लागते. खोलीत फ्रीज आहे का ते आधी विचारावं, नसेल तर दवाखान्यात ठेवायची विनंती करावी. चहा पहाटे चारला मिळेल की नाही, हेही विचारून ठेवावं. आमच्या जहाजावर मिळत होता! मी विचारलंच नव्हतं.

मळमळीचं थोडक्यात सांगतो. आपला कान सांगतो जमीन हलते आहे, आणि बंद खोलीत डोळा सांगतो सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट बिघडतं. म्हणून मळमळू लागलं की खोलीत आडवं होण्याऐवजी उघड्यावर यावं आणि क्षितिजाकडे पाहावं. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात, आणि ती स्वस्तही असते. अव्होमिनसारखी गोळी प्रवासाआधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नव्हे. पण बीपी-मधुमेहाच्या माणसानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत आपला पश्चिमेचा समुद्र बराच शांत असतो.

जहाज सुटताना सगळ्यांना गोळा करून जीवरक्षक जाकिटाची कवायत दाखवतात. पुष्कळ लोक हा वेळ फोटो काढण्यात घालवतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकावर आपटलं आणि बत्तीस जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. त्यानंतर जगभर नियम कडक झाला, की कवायत सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. सात लहान भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. आक्कानं ती पाठ करून टाकली. आम्हा दोघांच्या आधी जाकीट तिनंच घातलं.

आता पैसा. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो आणि तोही खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचा आकार, सेवाशुल्क, जीएसटी. आमचा आकडा शेवटी जवळजवळ एक तृतीयांशानं वाढला. तिसरा माणूस त्याच खोलीत घेतला तर स्वस्त पडतो, पण त्याची जागा रेल्वेच्या अप्पर बर्थसारखी भिंतीतून खाली येते आणि शिडीनं चढावं लागतं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तिथं मी चढलो. आत गेल्यावर एक कार्ड देतात. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि तेच उधारीचं खातं. जेवण तिकिटात, पण बाटलीबंद पाणी, थंड पेयं, फोटो, वाय-फाय हे सगळं कार्डावर चढत जातं. पहिल्या सफरीत मी शेवटच्या दिवशी बिल पाहून हबकलो होतो. रोज रात्री काउंटरवर जाऊन बघावं, चूक असेल तर तेव्हाच सुधारून मिळते. मोबाइल मात्र किनारा सुटताच एअरप्लेन मोडवर टाकावा. नाहीतर तो जहाजाचं उपग्रहाचं जाळं पकडतो आणि बिल घरी येतं.

शाकाहाराची काळजी नको. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारीच काय, जैन जेवणही मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळी सांगून ठेवावं. घरचं शिजवलेलं अन्न आत नेऊ देत नाहीत. बायकोचा ठेचा बंदरावरच राहिला. पाकीटबंद केळीचे वेफर्स नेऊ दिले. पण तिखटाची सवय असलेल्या खानदेशी जिभेला ते जेवण पहिल्या दिवशी छान, दुसऱ्या दिवशी गुळमट लागतं. बल्लवाला सांगितलं तर हिरवी मिरची चिरून देतो, लाजू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोवा. जहाज मुरगाव बंदराला लागतं, म्हणजे वास्कोला. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. लोक उत्साहानं पार कळंगुटपर्यंत टॅक्सी करतात आणि येताना रस्त्यात अडकतात. जहाजाच्याच सहलीनं गेलात तर ते थांबतं, स्वतःच्या टॅक्सीनं गेलात तर थांबत नाही. आमच्या हातात जेमतेम पाच तास होते. आक्काची मागणी एकच होती. जहाजावर चोवीस तास झाले, सगळीकडे पाणीच पाणी, पण हात लावायला मिळेना, कारण ते पाच-सहा मजले खाली! तिला पाण्यात पाय बुडवायचे होते. म्हणून चर्च नाही, बाजार नाही, सरळ जवळच्या बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेलो. मी एका बाजूनं, बायको दुसऱ्या बाजूनं, अशी तिला लाटेत उभी केली. तळव्याखालची वाळू सरकली तशी ती आधी घाबरली, मग अजून पुढं नेता का म्हणाली. निघायच्या वेळेच्या दीड तास आधी आम्ही जहाजावर परत होतो. कठड्यावरून पाहिलं, तर दोन जोडपी धक्क्यावरून पळत येत होती.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या रातोरात नेतात. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी सगळेच कपडे बॅगेत भरले. सकाळी ते लुंगी-बनियनवर न्याहारीला आले आणि तसेच मुंबईत उतरले. उतरायलाही वेळ लागतो, मजल्यांप्रमाणे नंबर लावतात. म्हणून परतीची गाडी सकाळची काढू नये, दुपारनंतरची काढावी. आम्ही तशी काढली होती. आक्काला चाळीसगावला भाच्यानं उतरवून घेतलं.

परवा तिचा धुळ्याहून फोन आला. पुढच्या खेपेला पाण्याच्या अगदी जवळची खोली मिळेल का, असं विचारत होती. म्हटलं, आक्का, सर्वांत खालच्या मजल्यावर मिळते, पण खिडकी उघडत नाही.