दहा खटके, एक व्होल्ट



आपल्या बॅचने शाळेच्या प्रयोगशाळेला सहा पॉवर सप्लाय दिले. हिशेब पाहताना खजिनदारबाईंनी मला विचारलं होतं, "नुसत्या फिरवायच्या बटणावर एवढा खर्च?" तेव्हा मी उत्तर टाळलं. आज देतो.

पहिला नमुना मी गेल्या वर्षी इथे ठेवला होता. त्यात मिळाला तो सगळ्यात स्वस्त रोटरी एन्कोडर बसवलेला, एका खटक्याला एक व्होल्ट. नववीतल्या एका मुलीने ४ चे ५ व्होल्ट करायला एक खटका फिरवला आणि आकडा थेट ७ वर गेला. तिचा मायक्रोकंट्रोलर ५.५ व्होल्टपर्यंत चालणारा. जळला. "काका, मी एकदाच फिरवलं हो," ती रडवेली होऊन सांगत होती. खरंच बोलत होती ती.

एन्कोडरच्या आत दोन संपर्क असतात, एकामागून एक जुळणारे. आधी कोणता जुळला त्यावरून दिशा कळते. पण जुळताना ते थरथरतात, आणि माझा प्रोग्राम एकाच संपर्काकडे बघून ती थरथरही मोजत होता. म्हणजे बटणाचा दोष कमी, माझा जास्त! आता दोन्हींचा क्रम बघतो. पुढेमागे झालेली थरथर आपोआप वजा होते.

मग साधा पोटेन्शिओमीटर का नाही? तो आपली जागा धरून बसतो. आधीच्या तासाने १२ व्होल्टवर सोडला, की पुढच्या तासाला स्विच लावताच १२. एन्कोडरला अशी जागा नसते, म्हणून दर वेळी शून्यापासून सुरुवात करता येते. ऑप्टिकल एन्कोडरमध्ये घासणारे संपर्कच नसतात, पण सहा घेतले असते तर आपली वर्गणी तिथेच संपली असती.

शेवटी यांत्रिकच घेतला, पण चांगल्यातला: एका फेऱ्याला २४ खटके, २४ पल्स. पायरी ०.१ व्होल्टची. शून्यापासून १५ व्होल्टपर्यंत १५० खटके, म्हणजे सव्वासहा फेरे. जोरात फिरवलं की मोठी उडी, ही सोय मी मुद्दाम ठेवली नाही. मुलं कंटाळतील, कंटाळू देत.

चहा झाला की प्रयोगशाळेत या आणि स्वतः फिरवून बघा. दहा खटक्यांना बरोबर एक व्होल्ट वाढला नाही, तर खजिनदारबाई, फरक माझ्याकडून वसूल करा.