शेवटचं घर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



समितीनं मला विषय दिला, 'जगातील रोगराई व दारिद्र्य हटवण्याचे प्रयत्न'. विषय ऐकून मी जरा दचकलोच. आयुष्यभर बँकेत कर्जवाटप करून जे दारिद्र्य हटलं नाही, ते वीस मिनिटांच्या भाषणात कुठून हटणार? म्हणून मी या मोठ्या विषयातला एकच तुकडा उचलतो. माणसानं एक रोग पृथ्वीवरून खरोखर संपवला, तो कसा संपवला एवढंच सांगतो. तो रोग म्हणजे देवी.

ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांनी आपला हात बघावा. देवी काढल्याचा गोल वण अजून असेल. तुमच्या मुलांच्या, नातवंडांच्या हातावर तो नाही, कारण आता त्याची गरजच उरलेली नाही. आमच्या लहानपणी मात्र चेहऱ्यावर देवीचे वण असलेली माणसं प्रत्येक गल्लीत दिसायची. कुणाचा एक डोळा गेलेला असायचा. 'देवी आल्या' म्हटलं की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा आणि घरातली माणसं हात जोडून बसायची. होणाऱ्या दहांपैकी साधारण तीन माणसं दगावत.

१९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवीविरुद्ध जोरदार मोहीम सुरू केली. त्या एका वर्षात जगभर एक ते दीड कोटी लोकांना देवी झाल्या असा अंदाज आहे. गंमत बघा, तेव्हा अमेरिका आणि रशिया यांच्यातून विस्तव जात नव्हता. पण देवी हटवण्याचा प्रस्ताव १९५८ साली मांडला तो रशियाच्या डॉ. झ्दानोव्ह यांनी आणि मोहिमेचे प्रमुख झाले अमेरिकेचे डॉ. हेंडरसन. रशियानं कोट्यवधी लोकांना पुरेल एवढी लस फुकट दिली. ही लस कोरड्या भुकटीची, त्यामुळे उन्हाळ्यातही टिकायची. टोचायला दोन टोकांची साधी सुई होती. दोन टोकांमध्ये लशीचा थेंब धरायचा आणि पंधरा वेळा टोचायचं. खेड्यातला माणूसही हे काम थोड्या वेळात शिकायचा.

तुम्ही म्हणाल, लस होती, सुई होती, मग अडलं कुठे? अडलं हिशेबात.

भारतानं १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा उद्दिष्ट होतं ८० टक्के लोकांना लस टोचण्याचं. परीक्षेत ८० टक्के म्हणजे पेढे वाटायचे गुण. पण रोग राहिलेल्या वीस टक्क्यांत मुक्काम करून होता. झोपडपट्टीत, पुलाखाली, वीटभट्टीवर, आज इथे तर उद्या तिथे असणाऱ्या लोकांत. बँकेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. वर्षअखेरीला लेजर जुळवताना लाखोंच्या रकमा जुळतात आणि एका रुपयाचा फरक येतो. 'एकच रुपया आहे, सोडा ना साहेब' असं म्हणून चालत नाही. तो रुपया सापडेपर्यंत सगळी शाखा रात्री बसते. कारण तो फरक कसा आला हे कळल्याशिवाय बाकीच्या रकमांवरही भरवसा ठेवता येत नाही.

मग पद्धत बदलली. डॉ. विल्यम फेगी यांना नायजेरियात अनुभव आला होता. लस अपुरी होती म्हणून त्यांनी जिथे रुग्ण सापडला तिथेच, त्याच्या भोवतीच्या माणसांना आधी लस दिली, आणि साथ थांबली. हीच पद्धत भारतात आणली. पण १९७४ साल फार वाईट गेलं. त्या वर्षी देशात सुमारे १,८८,००० रुग्ण नोंदले गेले आणि ३१,००० हून अधिक माणसं गेली. सर्वांत मोठा तडाखा बिहारला होता. तिथल्या एका बैठकीत मंत्रिमहोदय म्हणाले, पुरे झालं हे, पुन्हा सगळ्यांनाच सरसकट लस टोचा. तेव्हा मागे बसलेला एक तरुण डॉक्टर उठला. तो म्हणाला, मी खेड्यात वाढलो आहे, गावात एका घराला आग लागली तर आम्ही पाणी त्याच घरावर ओततो, गावातल्या प्रत्येक घरावर नाही. मंत्र्यांनी एक महिन्याची मुदत दिली. हा प्रसंग खुद्द फेगी यांनी लिहून ठेवला आहे.

पण आग कुठे लागली हे कळायला घरोघर जावं लागतं. एक लाखाहून अधिक कर्मचारी देवी आलेल्या बाळाचं चित्र घेऊन दारोदार फिरले. बाजारात, शाळेत, चहाच्या टपरीवर विचारत फिरले, 'असा आजार कुणाला आहे का?' रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. ती रक्कम पुढे वाढत हजार रुपयांवर गेली. रुग्ण सापडला की त्या घरावर रात्रंदिवस पहारा बसायचा आणि लस घेतल्याशिवाय कुणाला आत-बाहेर करू द्यायचे नाहीत.

भारतातली देवीची शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडली. ती बांगलादेशातून आलेली एक बेघर स्त्री होती, रेल्वे स्टेशनवर राहणारी. म्हणजे सगळा देश पिंजून शेवटी जे माणूस सापडलं त्याला घरच नव्हतं. कुठल्या यादीत तिचं नाव असणार?

निसर्गतः देवी झालेला जगातला शेवटचा माणूस म्हणजे सोमालियातला अली माओ मालीन, ऑक्टोबर १९७७. हा इस्पितळात स्वयंपाकी होता, पण दुखेल या भीतीनं त्यानं लस टाळली होती. तो वाचला. पुढे हाच माणूस पोलिओच्या मोहिमेत आई-बापांना समजवत फिरायचा, मी चूक केली, तुम्ही करू नका. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. पंचवीस वर्षांत कधी बोललो नव्हतो.

संस्थेच्या सुरुवातीच्या काळात मी सचिव होतो. पल्स पोलिओच्या रविवारनंतर दोन ताई घरोघर तपासायला आल्या. मी मोठ्या ऐटीत माझी यादी पुढे केली. विंगनुसार, फ्लॅट नंबरनुसार, पाच वर्षांखालची अकरा मुलं, सगळ्यांना डोस दिलेले. एक ताई यादी बघून म्हणाल्या, "काका, तुमच्या वॉचमनना मूलबाळ नाही का?"

पंपरूमशेजारच्या खोलीत आपला वॉचमन कुटुंबासह राहायचा. त्याची दीड वर्षाची मुलगी रोज माझ्या स्कूटरजवळ खेळायची. मी तिला बिस्किटं द्यायचो. पण ती माझ्या यादीत नव्हती, कारण मी यादी मेंटेनन्सच्या रजिस्टरवरून केली होती. तिला तोवर एकही डोस मिळाला नव्हता. ताईंनी तिथेच पायरीवर बसून तिला दोन थेंब पाजले, करंगळीला शाईची खूण केली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आता बारा लिहा."

मुलीला पुढे काही झालं नाही, ही देवाची कृपा. माझी हुशारी त्यात काही नाही. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ते अशा 'बारा लिहा' म्हणणाऱ्या बायकांमुळे मिळालं. चालत्या गाड्यांत, बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर जाऊन त्यांनी राहिलेलं मूल शोधलं.

आज गेटवर इंटरकॉम आहे, कॅमेरे आहेत. डेंग्यूसाठी कुंड्यांखालचं पाणी बघायला महापालिकेची माणसं येतात, तेव्हा 'आत्ता वेळ नाही' म्हणून आपणच दार लावतो. त्यांना परत पाठवू नका. आणि पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक साधा ठराव करावा अशी माझी विनंती आहे. संस्थेच्या आरोग्याच्या यादीत फक्त सभासद नकोत. रात्री या आवारात जो जो झोपतो, म्हणजे वॉचमन, त्याची बायकापोरं, घरकामाला राहणारी मुलगी, रंगकामाला आलेले मजूर, त्या सगळ्यांची नावं त्यात असावीत. यादी करायचं काम मी करतो. वय झालं असलं तरी बेरीज अजून चुकत नाही. आणि या वेळी सुरुवात पंपरूमपासून करीन.